पहिलीतला मांत्रिक

"मेला! मेला! गिरजीचा मांत्रिक पुन्हा मेला!"

माझा थोरला भाऊ बसू दारालगतच्या ढाळजेत उभा राहून असा काही ओरडला, की मागच्या अडत बाजारातला ज्वारीचा सौदा घटकाभर थांबला. सौद्याचं मी शपथेवर सांगणार नाही. पण समोरच्या भागाबाई हात पिठाने भरलेले तसेच घेऊन, पदर दातात धरून धावत आल्या, हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. "कोण गेलं माय? सकाळी तर समदे धड होते की," असं म्हणून त्यांनी आमच्या उंबऱ्यावर बसकण मारली आणि गळा काढला. त्यांचा सूर ऐकून आणखी दोघी आल्या. त्यांनी कोण गेलं हेही विचारलं नाही, नुसता सूर धरला. शेवटी माय आतून हातात उलथणं घेऊन बाहेर आली. "कुणी गेलं न्हाई भागाबाई. लेकरांच्या खेळातलं मेलंय."

भागाबाईंनी पदराने नाक पुसलं. इतका चांगला लागलेला सूर वाया गेला म्हणून त्या थोड्या नाराज दिसल्या. "कितवं?"

"एकोणचाळिसावं," मी म्हटलं.

"अन् गिरजे, एवढ्यांदा मरणारं कामून धरलंस गं?"

हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला सगळ्यांनी विचारला. उत्तर सोपं होतं. मी धरलं नव्हतं, चिठ्ठीत माझ्या वाट्याला आलं होतं. पण त्याआधी त्या उन्हाळ्याबद्दल सांगायला हवं.

आमचं लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. एक रंगारी खांद्यावर शिडी टाकून गावभर हिंडत असे आणि दिसेल त्या पाटीवरच्या 'जि. उस्मानाबाद'वर पांढरा हात मारून 'जि. लातूर' लिहीत असे. शाळेची पाटी झाली, दवाखान्याची झाली, पोस्टाची झाली. गावाला कलेक्टर मिळाला, कचेऱ्या मिळाल्या, लाल दिव्याची गाडी मिळाली. पाणी तेवढं मिळालं नाही. सलग दुसरं साल पाऊस रुसलेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हापसा होता. तो इतक्या खोलातून पाणी ओढायचा की पहिल्या तीस हापशांना नुसता वारा यायचा, आणि त्या वाऱ्याखालीही बायांनी घागरी धरलेल्या मी पाहिल्या आहेत. पहाटेपासून त्याचं ते क्यांऽव क्यांऽव ऐकू यायचं. आजही कुठे दाराची बिजागरी तशी कुरकुरली, की मी झोपेत घागर शोधते. घरात ताटं धुणं बंद झालं होतं. पळसाच्या पत्रावळीवर जेवायचं आणि पत्रावळ शेळीपुढे टाकायची. म्हणून त्या साली आमची शेळी घरातल्या सगळ्यांपेक्षा चवीचं खाऊन गेली. आमच्या पत्रावळीवर कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याचं माडगं. आणि अप्पा खूश असले, म्हणजे त्यांच्या अडतीवर कर्नाटकातून एखादी गाडी माल आला, की सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. अप्पा, म्हणजे आमचे वडील, पहाटे तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत, तेव्हा पळीभर पाण्यात त्यांची पूजा होई. ते पळीभर पाणीही माय नंतर बेलाच्या रोपाला घाली. आंघोळ सोमवारी आणि गुरुवारी. बाकीच्या दिवशी गल्लीत माणूस दिसायच्या आधी ओळखू येत असे.

नव्या कचेऱ्या आल्या म्हणजे साहेब लोक आले, आणि साहेब लोकांना घरं पाहिजेत. आमच्या माडीवरच्या दोन खोल्या एका कचेरीतल्या साहेबांनी भाड्याने घेतल्या. मुंबईचं कुटुंब. त्यांचा मुलगा सुहास बसूच्याच वर्गातला, चौदा वर्षांचा, चष्म्याचा, आणि सतत 'आमच्या मुंबईला' म्हणणारा. सामानासोबत त्याने एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, मुंबईच्या पदपथावर घेतलेलं. पुढची काही पानं नव्हती. सामान बांधताना कुठेतरी गळाली, असं तो म्हणे. पुस्तक खेळाचं होतं, पण त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. आपण एक माणूस व्हायचं, त्याचं बळ किती, जीव किती, हत्यार कोणतं, हे कागदावर लिहायचं आणि फासे टाकून त्याला जगवायचं. सगळी अंगमेहनत डोक्यातल्या डोक्यात. सुहास म्हणाला, आमच्या मुंबईला सगळे हेच खेळतात. तो स्वतः एकदाही खेळला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

खेळाला वीस बाजूंचा फासा लागायचा. तसला फासा मुंबईतही मिळाला नव्हता, लातुरात कुठला मिळायला? मग मी वीस चिंचोके घेतले, प्रत्येकावर चुन्याच्या काडीने आकडा घातला आणि ते तांब्याच्या गडव्यात टाकले. हात घालायचा, चिंचोका काढायचा, आकडा बघायचा आणि परत टाकायचा. माझा नातू परवा पुण्याहून फोनवर सांगत होता, की त्याने असला खेळ खेळायला परदेशी फासे मागवलेत, काचेसारखे, आत चमकी असलेले. मी म्हटलं, आमचे फासे भाजून खाता येत होते.

माणसं चार जातींची व्हायची. लढवय्या, चोर, बैरागी आणि मांत्रिक. नावं आम्ही दिली; इंग्रजी नावं सुहासलाही नीट म्हणता येत नव्हती. सगळ्यांनी पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. पायरीला आम्ही इयत्ता म्हणायचो. पहिलीतला लढवय्या, पहिलीतला चोर. आणि पहिलीतली ही पोरं काय लायकीची असतात, हे पुस्तकात अगदी निर्दयपणे लिहिलेलं होतं. लढवय्याला जीव आठ, अंगभर लोखंड, हातात तलवार. तो पहिलीतच चौथीच्या पोरासारखा. बैराग्याला गदा, जीव सहा, पण देव त्याचं पहिलीत ऐकतच नाही. दुसरीत गेल्यावर ऐकतो. चोराला चार जीव, आणि वीस चिंचोक्यांतला एक, दोन किंवा तीन आला तरच त्याच्याने कुलूप उघडायचं. म्हणजे चोरीतही नापास. आणि मांत्रिक! जीव तीन. अंगात झब्बा. हातात कांदा कापायची सुरी. दिवसातून एक मंत्र, एकदाच. तो म्हटला की पाटी कोरी, मग पुढच्या सकाळपर्यंत तो नुसता एक अशक्त माणूस. आमच्या घरातलं मांजर त्याला खाऊ शकलं असतं. मांजराचा हिशोब पुस्तकात नव्हता, म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला.

चिठ्ठ्या टाकल्या. बसूला लढवय्या, सुहासला चोर, मला मांत्रिक. बैरागी कुणालाच नको होता, तो खुंटीला टांगला.

आता एखादा विचारील, पुढची पानं नसताना हा खेळ खेळायचा कसा, हे आम्हाला कसं कळलं? कळलं नाही. पण आमच्या घरी नागनाथमामा येत असत. मायचे थोरले भाऊ, तालमीचे वस्ताद, कान असे मोडलेले की वाळल्या भज्यासारखे. शिरूर अनंतपाळापासून लोह्यापर्यंत कुठल्याही जत्रेत कुस्त्यांचा फड असला, की जोडी लावायला मामांना बोलावणं यायचं. कुणाची कुस्ती कुणाशी, हे ते नुसती मान आणि पोटऱ्या बघून सांगायचे. त्या साली आखाड्याची तांबडी माती शिंपायला पाणी नव्हतं, तालीम बंद, जत्रेतले फड बंद. वस्ताद रिकामे. रोज दुपारी ते आमच्या ढाळजेत येऊन भिंतीला पाठ लावून बसायचे. ज्या घरात रोज फडाच्या गोष्टी चालतात, तिथल्या लेकरांच्या हाती चार गडी आणि त्यांच्या बळाचे आकडे पडले, तर ती दुसरं काय करणार? आम्ही फड लावला. लढवय्या विरुद्ध मांत्रिक. लढवय्या विरुद्ध चोर. एकास एक, चितपट होईपर्यंत. अवघ्या हिंदुस्थानात त्या पुस्तकाची कुस्ती आम्हीच केली असेल.

आणि फड म्हटला की इनाम आलं. हापशावरून घरटी रोज सहा घागरी आणायच्या होत्या. नियम असा ठरला, की हरलेल्याने दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याच्या वाट्याच्या घागरी आणायच्या. म्हणजे माझ्या तीन, बसूच्या तीन, आणि माडीवरच्याही. माझी मान त्या उन्हाळ्यात दोन बोटं आत गेली, ती अजून वर आलेली नाही. साडी नेसून बघितलं तरी कळतं.

दोष मांत्रिकाचा होता असं बसूचं मत, आणि तो ते गल्लीभर सांगायचा. "मांत्रिक म्हंजी बाईमाणसाचं काम. नुसतं तोंड." मला राग यायचा, पण त्याहून जास्त एक कोडं पडायचं. ज्याने हे पुस्तक लिहिलं तो काही खुळा नसणार. चार गडी केले, त्यातला एक मुद्दाम मरायलाच कामून करील? शेतकरीसुद्धा चार बैल पाळतो तर चौथा शोभेला पाळत नाही. मांत्रिकाकडे काहीतरी असणार, आणि ते मला दिसत नव्हतं.

माझा मंत्र होता दिवा लावण्याचा. सुहासने दिलेला. पुस्तकातल्या यादीत त्याला जो पहिला वाचता आला, तो त्याने मला दिला. म्हणजे बसूचा लढवय्या तलवार उपसून यायचा, मी मंत्र म्हणायची, भर दुपारी लख्ख उजेड पडायचा, आणि त्या उजेडात मी मरायची. मेलेली सगळ्यांना नीट दिसायची, एवढाच उपयोग.

एकदा मामांनी चौघांचे कागद मागवून घेतले. त्यांना वाचता कमी यायचं, म्हणून मी आकडे वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले, जशा पोटऱ्या बघायचे तसे.

"लढवय्याचं काही सांगू नको. रेड्याला कोण इचारतंय," ते म्हणाले. "चोर गुमान पळू दे. बैरागी बरा हाय, गदा हाय. हा तुझा मंत्रवाला… ह्याच्याजवळ किती डाव?"

"एकच, मामा. दिवसातून एकदा."

मामांनी डोळे उघडले. "एकच? मग ह्याला भ्यावं."

बसू हसायला लागला.

"हसू नको लेका. मुरुडचा एक काडी पैलवान होता. फुंकलं तर उडंल आसा. त्याला फकस्त ढाक यायची, बाकी एकबी डाव न्हाई. पर सोळा वर्सं तेवढीच घासली होती त्यानं. हैदराबादहून आलेला एक पैलवान, बैलगाडीतून उतरला तर गाडी वर उचलली जायची, तो ह्याच्यासमोर हसत हुबा ऱ्हायला. हसू तोंडावर तसंच, अन् पाठ मातीला. ज्याच्याकडं दहा डाव तो इचार करतो. ज्याच्याकडं एकच, तो मारतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर गिरजे, डाव चांगला पायजे. भर दुपारी कंदील लावणारा पैलवान म्या पाह्यला न्हाई."

त्याच आठवड्यात नांदेडहून मावशीचं कार्ड आलं. तिकडे गोदावरीच्या डोहात पाणी आहे, लेकरं दिवसभर पोहतात, तुझ्या एकाला शाळा उघडेपर्यंत पाठव. दोघांना ठेवायला जागा नाही. मायने कार्ड दोनदा वाचून घेतलं. मग आम्हा दोघांकडे पाहिलं. कुणी तरी एकाने हापशावर उभं राहायलाच हवं होतं, आणि ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा नांदेडला, पोरगी हापशावर. असंच असायचं, त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता.

मला त्या डोहाचं वेड लागलं. डोक्यावरून पाणी जाईल इतकं पाणी! मी दोन महिन्यांत तांब्याहून मोठं पाणी अंगावर घेतलं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "माय, फडात ठरवू. जो जिंकंल तो नांदेडला."

बसू एका दमात हो म्हणाला. एकोणचाळीस कुस्त्या जिंकलेला गडी तो. माय म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मला सकाळी हापशावर एक जण हुबं दिसलं पायजे, बास." कुस्ती चार दिवसांनी, शनिवारी दुपारी ठरली. पंच मामा.

मी शाळेच्या बाईंच्या घरी जाऊन इंग्रजी-मराठी कोश मागून आणला आणि सुहासचं पुस्तक 'चित्रं बघायला' म्हणून घेतलं. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. माझी मजल मांजर चटईवर बसलं इथपर्यंत. एकेक शब्द शोधायचा, वर मराठी लिहायचं, आणि मग त्या शब्दांची मोट बांधायची. यादी बारा मंत्रांची निघाली. एक भाषा समजण्याचा, एक दार अडवण्याचा, एक माणसाला गोड बोलून मित्र करण्याचा. रोज सकाळी यातला हवा तो एक मांत्रिकाने निवडायचा, असंही लिहिलं होतं. आणि अकरावा मंत्र झोपेचा. समोरचा झोपतो. त्याच्या लोखंडाचा उपयोग नाही, त्याच्या आठ जिवांचा उपयोग नाही. झोपलेल्याला मारायला चिंचोकाही काढावा लागत नाही. मी ती ओळ सात वेळा कोशाशी ताडून पाहिली. मग पालथी पडून शेळीच्या गळ्यात हात घालून हसले. एकोणचाळीस वेळा मी हा मंत्र खिशात ठेवून मेले होते!

इथवर सगळं ठीक होतं. पण गुरुवारी मी माडीवर पाण्याची घागर घेऊन गेले, कारण माझं हरण्याचं भाडं अजून चालूच होतं, आणि सुहासच्या आईने सांगितलं, "गिरिजा, तेवढी मिठाची बरणी खाली काढून दे गं." बरणी उचलली, तर फळीवर अंथरलेल्या कागदावर एक चित्र. तेच पुस्तक! गळालेली पानं काकूंच्या डब्यांखाली होती. चित्रात अंधारी गुहा होती, आणि तिच्यातून चौघं चालले होते. पुढे लढवय्या, मागे बैरागी, चोर वाकून जमीन चाचपतो आहे, आणि मधोमध, सगळ्यांच्या आडोशाला, झब्बेवाला मांत्रिक. तेलाच्या डब्याचा गोल डाग त्याच्या डोक्यामागे असा पडला होता, जणू देवाच्या तसबिरीतलं वलय.

मी काकूंना नवं वर्तमानपत्र आणून दिलं, फळी स्वच्छ करून दिली आणि ती पानं घेऊन खाली आले. काकू चार दिवस माझ्या कामसूपणाचं कौतुक करत होत्या. पानं वाचायला शुक्रवारची अख्खी दुपार गेली. त्यात सरळ लिहिलं होतं, की खेळणारे एकमेकांशी लढत नाहीत. सगळे मिळून गुहेत जातात. मिळेल ते वाटून घेतात. एकटा गेलेला मरतो.

म्हणजे आख्खा उन्हाळा आम्ही एकाच बैलगाडीचे दोन बैल एकमेकांवर सोडून बघत होतो, तगडा कोणता!

हे मी कुणाला सांगितलं का? नाही. पानं घडी करून भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. भूगोलाला बसू आपणहून हात लावणार नव्हता. आधी नांदेड.

शनिवारी मामा चक्क नारळ घेऊन आले. गल्लीतली पाच-पंचवीस माणसं ढाळजेत जमली; मी नातवाला दोनशे सांगितली आहेत. आधी पहिला वार कोणाचा, हे लुडोच्या फाशाने. आमचा सगळा जीव त्या फाशात होता. बसूने आधी तलवार मारली असती, तर माझी झोप गळ्यातच राहिली असती. बसूला तीन. मला तीन. पुन्हा. बसूला चार. माझा फासा घरंगळत उंबऱ्याला टेकला. पाच.

"झोप," मी म्हटलं.

"काय?" बसू म्हणाला.

"मंत्र म्हटला. झोप तू."

सुहासने पुस्तक डोळ्यांपर्यंत आणून वाचलं, ओठ हलवत. मग चष्मा काढला. "बरोबर आहे रे. झोपतोस तू."

"मी कामून झोपू? भर कुस्तीत?"

"झोप लेका," मामा म्हणाले. आणि मी कांदा कापायच्या सुरीने तो विषय संपवला. भागाबाईंनी या वेळी खरंच गळा काढला. म्हणाल्या, मागचा राहिला होता.

मायने संध्याकाळी माझी पिशवी भरली. एक परकर-पोलकं, मावशीला चटणी, आणि एस्टीत खायला सहा धपाटे. रविवार रिकामा आणि सोमवारी सकाळची गाडी. रविवारी दुपारी बसू ढाळजेत गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मला त्याची दया आली, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. दया-बिया काही नव्हती. माझ्या डोक्यात किडा शिरला होता. ते चौघं एकत्र गेले तर काय होतं? नांदेडला ना पुस्तक, ना चिंचोके, ना सुहास. पाण्यात डुंबतानाही मला तेच आठवत राहणार. एकच दुपार हातात होती. आयुष्यात नंतरही मी असल्या किड्यापायी पुष्कळ गमावलं आहे; पण पहिल्यांदा तेव्हा.

मी भूगोल उघडला आणि पानं मध्ये ठेवली.

सुहासने वाचलं आणि कानापर्यंत लाल झाला. बसूने विचारलं, "हे तुला कवा गावलं?"

"गुरुवारी."

"कुस्तीच्या आधी?" तो ताडकन उठला. "मामा! ऐकलं का? खेळच ह्यो न्हाई! मग कालची कुस्ती रद्द!"

मामांनी भिंतीला टेकूनच मोडका कान चोळला. "फडाचा कायदा आसाय गिरजे, की जोड चुकली तर कुस्ती धरत न्हाईत. एका गावचे दोन गडी फडात लावतच न्हाईत. हे चौघं एका गावचे निघाले." मग पुढे सरसावून बसले. "ते ऱ्हाऊ द्या. आधी गुहेत काय हाय ते बघू. बैरागी मला द्या. गदा हाय त्याच्याकडं."

पुस्तकाच्या मागे एक तयार गुहा होती. आत आठ बुटके राक्षस आणि एक कुलूपबंद पेटी. पंच सुहास, आणि चोरही तोच. आमच्या बाजारपेठेत याचं कुणाला नवल वाटलं नाही. मामा म्हणाले, आधी एकेकट्याचं बळ कळू द्या. मग एकेक जण गेला; दर खेपेला गुहा नव्याने भरायची, आणि मेलेला नव्याने उठायचा. बसूचा लढवय्या दारात तीन राक्षस कापून चौथ्याच्या हातून मेला. मामांच्या बैराग्याने एक चेचला आणि तोही गेला. मामांनी त्या राक्षसाला आईवरून शिवी दिली. चोर पेटीपर्यंत पोचला, चिंचोका काढला, तो निघाला अठरा, आणि त्याला कुलपाजवळच धरलं. मी झोपेचा मंत्र टाकला, पण तो एका दमात सहा राक्षसांनाच पुरायचा; सहा झोपले, दोन जागे राहिले. त्या दोघांनी माझी सुरी माझ्याच हातातून काढून घेतली.

मग चौघं एकत्र. मला मधे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा बसू माझ्या पुढे उभा राहिला, आडवा नाही. "तू थांब," तो म्हणाला, "सगळे आत आले की मग म्हण. घाई करू नको." मी थांबले. आठही आले. "झोप!" सहा आडवे. उरलेल्या दोघांतला एक बसूने घेतला, एक मामांच्या गदेने. मामा तर खरंच उभे राहिले होते आणि हातात मुसळ होतं. मग सुहास पेटीशी बसला. त्याने गडव्यात हात घातला, डोळे घट्ट मिटले, चिंचोका काढला. दोन!

आम्ही चौघं असे ओरडलो, की हापशावरची रांग मोडून लोक आले. सुहासने पुस्तकात बघितलं. "पेटीत सोन्याची नाणी आहेत."

"सोनं काय करायचंय," मामा म्हणाले. "पाणी हाय का बघ."

त्या उन्हाळ्यात कोण ताकदवान, या प्रश्नावर मी जेवढा विचार केला, तेवढा लग्नाच्या वेळीही केला नाही. नातू मला विचारतो, आजी, पहिल्या लेव्हलला विझर्ड घ्यावा की फायटर? मी सांगते, पुढे उभा राहणारा कोण आहे ते आधी बघ, मग विचार. तो म्हणतो, हे उत्तर नाही. तेही खरंच आहे.

बसू आणि मी, दोघंही धावतच चुलीपाशी गेलो. माय भाकरी थापत होती. बसूने एका दमात सगळं सांगितलं: पानं, चुकलेली जोड, गुहा, आठ राक्षस, माझी झोप, त्याची तलवार. "माय, मामांनी कुस्ती रद्द केली. आता कुणीच हरलं न्हाई! आम्ही समदे मिळून जिंकलो!"

मायने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, तोही ओंजळभर नाही, चार बोटांचा. कोपऱ्यातल्या माझ्या पिशवीकडे तिने एकदा पाहिलं.

"कुणीच हरलं न्हाई?"

"न्हाई," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मग दोघंबी ऱ्हावा," ती म्हणाली. "दोन घागरी जास्त येतील."